गोल फ्रेम

दुकानात येणारे-जाणारे मला ‘आतले’ म्हणतात. चष्म्याच्या दुकानाचा पुढचा भाग आरशांचा, दिव्यांचा आणि गोड बोलण्याचा. मागे एक खोली आहे, तिच्यात मी तेहतीस वर्षं काचा घासून फ्रेममध्ये बसवतोय. मधल्या भिंतीत वीतभर उंचीची एक खिडकी आहे. तिच्यातून नंबराचं कार्ड आणि काचा आत येतात, तयार चष्मे बाहेर जातात. गिऱ्हाइकांना फार तर माझे हात दिसतात, मला त्यांचे आवाज ऐकू येतात. असं राहायला मला आवडतं, असं मी बरीच वर्षं सांगत आलोय.

माझ्या दोन गोष्टी दुकानात प्रसिद्ध आहेत. एक म्हणजे माझा फोन कायम स्पीकरवर असतो. हात पाण्याने आणि काचेच्या भुकटीने माखलेले असतात आणि डावा कान जरा थकलाय, म्हणून फोन शर्टाच्या खिशात ठेवून मी खिशाशीच बोलतो. त्यामुळे माझ्या ताईला कोणती गोळी कधी लागते ते सगळ्या दुकानाला पाठ आहे. दुसरी गोष्ट, मी चुकत नाही. हे मी नाही सांगत, मालकीण सांगते. ती जुन्या मालकांची मुलगी, फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून मला काका म्हणते. गिऱ्हाईक कुरकुरलं की ती म्हणते, “काच आमच्या काकांच्या हातून गेलीय. नवा नंबर आहे, सवय होईल.” हे ‘सवय होईल’ तिला वडिलांकडून दुकानाबरोबरच मिळालं.

न चुकणारा माणूस घरात कसा असतो ते वेगळं सांगायला नको. मी एकटा राहतो. लग्न जमलं नाही, मग जमवलं नाही, मग ताईनेही तो विषय सोडला. आई होती तोवर ओट्यावर दोन पेले असायचे. तिला जाऊन सहा वर्षं झाली.

आई शेवटचे चार महिने अंथरुणावर होती. माझा धाकटा भाऊ दुसऱ्या गावात, बसने पाच तासांवर राहतो. तिथे तो लोकांना गाडी चालवायला शिकवतो. त्या चार महिन्यांत तो एकदाही आला नाही. फोन करायचा, ‘या शनिवारी येतो’ म्हणायचा. शनिवारी आई दाराकडे तोंड करून निजायची. तो आला ती गेल्यावर दुसऱ्या दिवशी. दारातच उभा राहिला आणि म्हणाला, “मला कळत होतं दादा. रोज कळत होतं. बॅग भरून ठेवली होती. पाय निघत नव्हता.”

मी म्हणालो, “कळलं असतं तर पाय निघाला असता. निघाला नाही, म्हणजे तुला कळलंच नव्हतं. उगाच कळल्याचा आव आणू नकोस.”

ताई मागून म्हणाली, “पुरे आता.” पण मला ते वाक्य इतकं आवडलं होतं की मी ते पुन्हा एकदा म्हटलं. धाकटा बुटाच्या नाड्या न बांधताच जिना उतरून गेला. त्यानंतर सहा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. ‘कळतं पण वळत नाही’ ही म्हण आळशी लोकांनी आपल्या सोयीसाठी काढलीय असं माझं ठाम मत होतं. ज्याला कळलं त्याने करायचं, नाहीतर कळलं म्हणायचं नाही, इतका सरळ हिशेब.

आता नकाशेवाल्या बाईंचं सांगतो.

हे नाव आमच्या दुकानाने ठेवलेलं. बाईंनी जमीन मोजणीच्या कचेरीत पस्तीस वर्षं हाताने नकाशे काढले. डोंगराच्या उंचीच्या रेघा, एकीला दुसरी चिकटू न देता. आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत, दुकानामागच्या रस्त्यावर तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. तेहतीस वर्षांत माझ्या खिडकीपाशी वाकून आत बोलणारं गिऱ्हाईक तेवढं एकच. चष्मा डोळ्यांवर चढवला की त्या वाकायच्या आणि म्हणायच्या, “आतले, उत्तम बसलाय हं.” एवढंच. ते वाक्य मी घरी घेऊन जायचो. रात्री जेवताना मनात पुन्हा म्हणून बघायचो. हसू नका, ज्यांच्याशी बोलणारं कोणी नसतं ते असं करतात.

त्यांची फ्रेम गोल. अगदी गोल, जुन्या पद्धतीची, आणि ती बदलायला त्या तयार नसत. माझ्या कामात गोल फ्रेम म्हणजे जागं राहून करायचं काम. इतर फ्रेमचा आकार नाकाकडे एक, कानाकडे दुसरा असतो, त्यामुळे उजवी काच डाव्या बाजूला बसतच नाही. चूक झाली तर फ्रेमच हात धरते. गोल फ्रेम कोणाचा हात धरत नाही. तिच्यात उजवीकडची काच डावीकडे सुखाने जाऊन बसते.

अडीच महिन्यांपूर्वी त्यांचा नवा नंबर आला. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, डाव्याचं नाही, त्यामुळे दोन डोळ्यांच्या नंबरांत बराच फरक होता, तिरप्या नंबराचा कोनही वेगवेगळा. मी काचा घासल्या. फ्रेम मी नेहमी दांड्या वर करून ठेवतो, म्हणजे घालणाऱ्याचा उजवा तो माझाही उजवा. त्या दुपारी दांडीचा स्क्रू बदलायला फ्रेम पालथी केली होती, ती तशीच राहिली. आणि त्याच वेळी ताईचा फोन आला. ती म्हणाली, “धाकटा विचारत होता, दादाकडे येऊ का म्हणून.”

मग मी सुरू झालो. काचा बसवता बसवता खिशाला वीस मिनिटं भाषण दिलं. कर्तव्य म्हणजे काय, कळणं म्हणजे काय, आणि माणसाने स्वतःला कसं फसवू नये. भाषण इतकं रंगलं की चष्मा खिडकीतून बाहेर देण्याआधी नंबर मोजायच्या यंत्रावर ठेवायचा राहिला. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा. आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

आठवड्याने बाई आल्या. “जरा धूसर दिसतंय, आणि पायरी वर आल्यासारखी वाटते,” असं म्हणाल्या. मालकीण म्हणाली, “सवय होईल.” मी आत ऐकत होतो. माझ्या हातून गेलेली काच, त्यामुळे मी मानही वर केली नाही. बाई बिचाऱ्या शहाण्या मुलीसारख्या सवय करायला घरी गेल्या.

गेल्या आठवड्यातल्या सोमवारी त्यांचा चष्मा खिडकीतून आत आला. दांडी वाकलेली, नाकाजवळची पट्टी सुटलेली. पडल्या होत्या. मी दांडी सरळ केली, पट्टी बसवली आणि सवयीने चष्मा यंत्रावर ठेवला. उजवीकडे डाव्याचा नंबर. डावीकडे उजव्याचा. कार्ड काढून पुन्हा पाहिलं. मग डोळ्याला लावलेलं भिंग काढून पुसलं, जणू चूक भिंगाची असावी.

बाहेर बाईंची मुलगी बोलत होती. लांबच्या शहरातून आलेली, पन्नाशीची, दमलेल्या आवाजाची बाई. मालकिणीला सांगत होती, “तीनदा पडली हो. कपात चहा ओतते तो बशीत पडतो. समोरच्या फुटपाथवरची चाळीस वर्षांची मैत्रीण ओळखली नाही. डॉक्टर म्हणाले, वय झालं की डोक्याचं असं होतं. तिलाही पटलंय आता. माझ्या शहरात वृद्धाश्रमात खोली मिळालीय, पुढच्या गुरुवारी सकाळी निघायचं. ही जागा सोडतोय.”

मग बाईंचा आवाज आला, अगदी शांत. “रेघा पुसट व्हायला लागल्या की नकाशा दुसऱ्याच्या हातात द्यावा.”

मी आत उभा होतो. माझ्या आणि त्यांच्यामध्ये चार हात अंतर आणि एक उघडी खिडकी. मला सगळं कळलं. एकदम, आणि पूर्ण. डोकं ठीक आहे, डोळे ठीक आहेत, काचा उलट्या आहेत, आणि उलट्या मी बसवल्या. हे एक वाक्य आत्ता बाहेर बोलायचं. माझ्या हातांनी तोवर काचा काढून ज्या त्या जागी बसवल्याही होत्या. हातांना काही सांगावं लागलं नाही. पाच मिनिटांचं काम. मी चष्मा यंत्रावर तपासला, पुसला आणि खिडकीतून बाहेर दिला.

बाईंनी घातला. वाकल्या. “आतले, घट्ट बसला हं आता.”

मी म्हणालो, “हो.”

त्या गेल्या. मला वाटलं, उद्या सांगू.

पुढचे दिवस कसे गेले ते मी नीट सांगणार आहे, कारण ‘घाबरला असेल’ असं म्हणून लोक मोकळे होतात. मी घाबरलो नव्हतो. मालकीण मला काढणार नव्हती, मी गेलो तर काचा घासायला तिला दुसरं कोण मिळणार. बाईंची मुलगी दोन शब्द बोलली असती, ते मी ऐकले असते. अब्रूची म्हणाल, तर ज्याचे फक्त हात दिसतात त्याची अब्रू ती केवढी. भीती असती तर बरं झालं असतं. भीतीशी भांडता येतं. इथे भांडायला कोणी नव्हतंच. सांगायला हवं, मीच सांगायला हवं, आजच सांगायला हवं, हे मला अंगठ्याच्या नखासारखं स्वच्छ दिसत होतं. निवाडा पक्का, अपील नाही, फक्त अंमलबजावणीला माणूस पाठवलेला नव्हता.

मंगळवारी मी संध्याकाळी सरळ घरी गेलो. बुधवारी बाईंना एक चिठ्ठी लिहिली, चांगली लिहिली, आणि घड्याळाच्या मागे ठेवली. गुरुवारी काचांची पेटी आणून देणाऱ्या माणसाने पेटी पायरीवर आपटली, तेव्हा मी त्याला पाऊण तास जबाबदारी म्हणजे काय ते समजावलं. काय जोर होता आवाजात. दुसऱ्याच्या चुकीला माझ्यात एवढं बळ कुठून येतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात घेतलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी लहानपणापासून इतरांसाठी वापरत आलो होतो.

शुक्रवारी मी त्यांच्या रस्त्यापर्यंत गेलो. त्यांच्या इमारतीखाली एक कपाट आणि दोन खुर्च्या ठेवलेल्या, वर कागद चिकटवलेला, ‘हवं त्याने न्यावं’. एक बाई खुर्चीवर बसून ती डुगडुगते का ते बघत होती. मी समोरच्या फुटपाथवर उभा राहिलो. वर खिडकीला पडदा नव्हता. मी स्वतःला म्हणालो, जा. ऐकणारा मीच होतो आणि त्याने ऐकलंही. पण हललं कोणीच नाही. दहा मिनिटांनी मी भाजी घेऊन घरी गेलो. शनिवारी ती शिजवून खाल्ली. चव लागली, याचाच मला राग आला.

रविवारी ताईचा फोन आला. मी तिला म्हणालो, “आमच्या दुकानात एक माणूस आहे. त्याला कळतंय एक गोष्ट करायला हवी, पण करत नाही.”

ताई म्हणाली, “तुमच्या दुकानात माणसं दोनच, आणि दुसरी मालकीण.”

मी पेला विसळायला घेतला.

“दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधायलाच तुला त्या खोलीत बसवलंय की काय देव जाणे,” ताई म्हणाली. “तूच ना रे तो, कळलं असतं तर पाय निघाला असता म्हणणारा?” मग जरा थांबली, कारण ती मुळात मायाळू आहे. “जेवलास का? धाकट्याचा नंबर तोच आहे. बदललेला नाही त्याने.”

फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात बसून राहिलो. ओट्यावर एक पेला होता. धाकटा दारात उभा राहून जे बोलला होता, ते मी सहा वर्षांत बऱ्याचदा आठवलं होतं, पण दर वेळी त्याच्यानंतरचं माझं वाक्य ऐकण्यासाठी. त्या दिवशी मला पहिल्यांदा फक्त त्याचं ऐकू आलं. बॅग भरून ठेवली होती, तो म्हणाला होता. चार महिने भरलेली बॅग घरात ठेवून माणूस कसा झोपत असेल?

सोमवार गेला. मंगळवारही गेला, त्याचं काही सांगण्यासारखं नाही.

बुधवारी दुपारी मालकीण जेवायला घरी गेली. तेव्हा दोन तास दुकान बंद असतं. अर्धं शटर खाली ओढून मी माझ्या स्टुलावर बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई जाणार होत्या. मी फोन काढला आणि धाकट्याला लावला. माफी मागायला लावला असं म्हटलं तर मी बरा दिसेन, पण तसं नव्हतं. मला त्याला एक विचारायचं होतं. बिघाड एकाच जातीचा असेल तर ज्याला आधी झाला त्याला विचारावं, इतकीच माझी अक्कल.

त्याने लगेच उचलला. मागे गाडीचा आवाज येत होता. “दादा? काय झालं? ताई बरी आहे ना?”

“ताई बरी आहे. तुला एक विचारायचं होतं. त्या वेळी तुझं कसं झालं होतं?”

कुठल्या वेळी, असं त्याने विचारलं नाही. कोणाला तरी म्हणाला, “गाडी बाजूला घे, इंजिन बंद कर, जरा पाय मोकळे करून ये.” दार वाजलं. मग मला म्हणाला, “का विचारतोयस?”

मी त्याला सगळं सांगितलं. गोल फ्रेम, पालथी ठेवलेली, ताईचा फोन, भाषण. भाषण कोणाविषयी होतं तेही. काचा गुपचूप बदलल्या, बाई उद्या जातायत, आणि नऊ दिवस मला कळतंय. शेवटी म्हणालो, “पाय निघत नाही रे.”

मला वाटलं, आता म्हणेल. माझं वाक्य माझ्याच तोंडावर मारायचा त्याला पूर्ण हक्क होता, आणि मी त्यासाठी मान खाली घालून बसलो होतो.

तो म्हणाला, “माझ्याकडे गाडी शिकायला येतो ना, त्या प्रत्येकाला ब्रेक कुठे आहे ते पाठ असतं. समोर म्हैस आली की ब्रेक दाबायचा हेही माहीत असतं. आणि म्हैस आली की पाय जागेवरच राहतो. म्हणून आमच्या गाडीत माझ्या बाजूलाही एक ब्रेक असतो.” मग म्हणाला, “चपला कुठे आहेत तुझ्या?”

“दारापाशी.”

“घाल.”

“काय?”

“चपला घाल म्हणतोय. पुढचं नंतर. घातल्यास की सांग.”

मी घातल्या. “घातल्या.”

“फोन खिशात ठेव. बंद करू नकोस. शटर लाव. हळू, कमरेत वाकू नको, गुडघ्यात वाक. आता कुठे वळायचं?”

“डावीकडे.”

“मग वळ. मागून गाडी येत नाही ना ते बघ.”

असा मी दुकानामागचा रस्ता चाललो, अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, शिकाऊ. तो खिशातून सांगत होता, मी करत होतो. बाईंचं काय करायचं, मी किती वाईट, चूक कोणाची, यातलं तो काहीच बोलला नाही. रस्ता ओलांडलास का. इमारत आली का. किती मजले. मी म्हणालो, तीन. तो म्हणाला, पहिला चढ, मग बघू. पहिल्या मजल्यावर मी थांबलो, गुडघ्यांसाठी असं स्वतःला सांगत. तो म्हणाला, “मला त्या वेळी असं कोणी फोनवर धरलं नव्हतं, दादा.” तक्रार नव्हती आवाजात. पावसाची बातमी सांगावी तसं सांगितलं. मी उरलेले दोन मजले चढलो.

दार मुलीने उघडलं. आत खोकी होती, दोरीने बांधलेली. भिंतींवर नकाशे लावलेले असावेत, तिथे स्वच्छ चौकोन उरले होते. एकच खुर्ची उरली होती आणि तिच्यात बाई बसल्या होत्या, मांडीवर एक काचेचा पेपरवेट घेऊन.

“मी चष्म्याच्या दुकानातून आलो,” मी म्हणालो. “आतला.”

बाई हसल्या. “चेहरा आहे की तुम्हाला.”

मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. अडीच महिन्यांपूर्वी त्यांच्या दोन्ही काचा मी उलट बसवल्या होत्या. उजवी डावीकडे, डावी उजवीकडे. कपाबाहेर चहा, पायरी, फुटपाथवरची मैत्रीण, सगळं त्याने झालं होतं. डोकं ठीक आहे. काचा आता सरळ आहेत, गेल्या आठवड्यात मीच सरळ केल्या.

मुलगी एका खोक्यावर बसली. म्हणाली, “अहो, काय बोलताय तुम्ही?” आणि मग ओरडायचं सोडून तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

बाईंनी चष्मा काढला, बघितला, परत घातला. “नऊ दिवस मला स्वच्छ दिसतंय,” त्या म्हणाल्या. “मी हिला बोलले नाही. विझायच्या आधी दिवा मोठा होतो म्हणतात ना, तसं असेल म्हटलं.” मग माझ्याकडे वळल्या. “म्हणजे तुम्हाला सोमवारी कळलं. गेल्या आठवड्यातल्या सोमवारी.”

“हो.”

“नऊ दिवस मी एकेक वस्तू हातात घेऊन बघत बसले होते. ही शेवटची, हीही शेवटची. काल हिच्या बाबांची रेघा आखायची पट्टी बाहेर ठेवली, कोणीतरी नेली ती. आणि तुम्हाला माहीत होतं.”

“हो.”

“मग आला का नाहीत?”

जिन्यात मी दोन-तीन उत्तरं जुळवली होती. त्यातलं एकही वर आलं नाही. “पाय निघत नव्हता,” मी म्हणालो.

बाईंनी मान हलवली. रागाने नाही. वाकडी आलेली रेघ खोडताना त्यांनी पस्तीस वर्षं जशी हलवली असेल तशी. “माहीत असतं तर निघाला असता, आतले,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला माहीत नव्हतंच.”

वाक्य माझंच होतं. त्याला उत्तर नाही हे मला माहीत होतं, कारण उत्तर असू नये अशा बेताने मीच ते घडवलं होतं. मी त्या रिकाम्या चौकोनांकडे बघत राहिलो. इतकं एकटं मला आई गेली त्या रात्रीही वाटलं नव्हतं.

तेव्हा माझ्या खिशातून आवाज आला.

“त्याला माहीत होतं, बाई.”

मुलगी दचकून उभी राहिली. बाईंनी माझ्या खिशाकडे पाहिलं.

“मी त्याचा धाकटा भाऊ बोलतोय,” खिसा म्हणाला. “माफ करा, फोन चालू आहे. पण त्याला माहीत होतं. रोज माहीत होतं. असं होतं माणसाचं. मला झालं होतं, म्हणून सांगतो.”

माझ्या डोळ्यांना पाणी आलं आणि ते मी पुसलं नाही, कारण हात हलवायचे कसे तेच सुचेना. बाई बराच वेळ खिशाकडे बघत होत्या. मग मुलीला म्हणाल्या, “टेम्पोवाल्याला फोन कर. उद्या येऊ नको म्हणावं.” मुलगी म्हणाली, “आई, आपण नीट बोलू या आधी.” “बोलू. पण आधी त्याला फोन कर.” आणि मला म्हणाल्या, “तुम्हाला चहा विचारणार नाही मी. आज नाही.”

“नको,” मी म्हणालो. “खाली जाऊन पट्टीचं विचारतो. कोणी नेली ते.”

“विचारा.”

जिना उतरताना मी कठड्याला धरून चाललो होतो. दुसऱ्या मजल्यावर खिशातून आवाज आला, “दादा, आहेस ना?”

“आहे.”

“मी या शनिवारी…” त्याने सुरुवात केली आणि तो थांबला. तो का थांबला ते मला कळलं. तेच वाक्य, तोच वार.

“या शनिवारी मी येतो तुझ्याकडे,” मी म्हणालो. “पाय निघेलच असं नाही सांगत. तू सकाळी सहाला फोन कर, आणि चपला घाल म्हण.”